दारू मल्लाप्पानं सोडली

रुमाल काढून बसला असाल तर परत खिशात ठेवा. दारू सोडायच्या गटात जाऊन आलेल्या माणसाचा लेख म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय काय आलं असणार, मला माहीत हाय. गटारात पडलेला मी, दारात रडणारी आई, शेवटी सत्काराचा फोटो. तसलं काय न्हाय. आई मुरगूडला ठणठणीत हाय आणि आमच्या घरासमोरची गटार वरनं फरशी टाकून बंद केलेली हाय. आणि ज्यांनी माझं नाव वाचून 'चला, आता हसायला मिळणार' म्हणून पान उघडलं, त्यांना पण सांगतो, आवाज कागदावर काढता येत न्हाय. संपादकांना मी हे सांगितलंतं. ते म्हणाले, "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, बाकी आमचं आम्ही बघतो."

धंदा म्हणजे मिमिक्री. हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग, गणपती मंडळ, नव्या दुकानाचं उद्घाटन, जिथं माईक तिथं मी. लोकांना वाटतंय आवाज घशातनं काढायचा असतोय. न्हाय. आवाज माणसाच्या सवयीत असतोय. मार्केट यार्डात गुळाचा सौदा पुकारणारा माणूस श्वास कधी घेतो, ते आधी बघायचं. तो वाक्य संपल्यावर घेत न्हाय, आकड्याच्या मधीच घेतो. एसटीचा कंडक्टर 'पुढं सरका' म्हणताना तुमच्याकडं बघत न्हाय, हातातल्या मशीनकडं बघतो. तेवढं एक धरलं की निम्मा आवाज आला. उरलेला निम्मा लोक आपल्या मनानं घालतात.

गिऱ्हाइकं पण एकेक असतात. गडहिंग्लजकडचे एक पावणं आले, वडलांचा आवाज काढा म्हणून. वडील वारलेले. मोबाईलमधी त्यांची आठ-दहा सेकंदं शिल्लक होती, त्यात ते "अगं, वाढतीस का?" एवढंच म्हणालते. आईच्या एकसष्टीला सरप्राइज द्यायचं होतं. मी चार दिवस ते ऐकलं आणि कार्यक्रमात पडद्यामागनं हाक दिली, "अगं, वाढतीस का?" म्हातारी खुर्चीतनं उठली, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ आतल्या खोलीकडं चालाय लागली. चार पावलं जाऊन थांबली. मग पोराकडं वळून म्हणाली, "सुटले म्हटलंतं की रे मी. परत कशाला आणलंस ह्यांना?"

हॉल हसला. मी पण हसलो. घरी येताना मात्र वाटलं, हे काय आपण बरं केलं न्हाय. असं वाटलं की मी प्यायचो. लई बरं केलं असं वाटलं तरी प्यायचो. आमच्या धंद्यात हे सोपं असतंय. कार्यक्रमाआधी बोलावणारा स्वतः म्हणतो, "दोन घ्या, मग रंगतंय." आणि माझा सगळ्यात चालणारा आयटम होता बेवड्याचा. एका पायात चप्पल, दुसरी हातात, चप्पल कानाला लावून बायकोला फोन. सगळीकडनं एकच फर्माईश, "अमर, तेवढा बेवडा होऊ दे." मी आधी न पिता करायचो. नंतर नंतर, करताना मी प्यायलोय का नाटक करालोय, ते माझं मलाच कळायचं बंद झालं.

ते एका हळदीत कळलं. स्टेजच्या कडेला आलो, चप्पल कानाला लावली आणि सरळ खाली गेलो. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. मी खाली पडून "आई गं" म्हणालतो आणि वर लोक टाळ्या वाजवालते. पहिल्या रांगेतला एक तर "वन्स मोर" ओरडला. दोन मिनिटांनी ढोलवाल्या पोराच्या लक्षात आलं की हा आयटमचा भाग न्हाय. तोवर कुणीतरी सगळं मोबाईलवर घेतलंतं. तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असणार. बघितला नसला तर राहू दे.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात हात गळ्यात बांधून घेतला. निघताना कंपाउंडरनं औषधाची चिठ्ठी दिली. मागं एक नंबर लिहिलेला. म्हणाला, "हे डॉक्टरांनी न्हाय, मी लिहिलंय. हाड सहा आठवड्यांत जुळंल. दुसरं जे हाय त्यासाठी ह्या नंबरवर फोन कर."

आता माझी एक सवय सांगतो. लाजेचा फोन मी माझ्या आवाजात कधी करत न्हाय. घरमालकाला फोन करायचा तर मी माझाच मामा होऊन बोलतो. मंगळवार पेठेतल्या खोलीत बसून मी तो नंबर लावला आणि पलीकडनं "बोला" म्हटल्याबरोबर माझ्या तोंडातनं मल्लाप्पा बाहेर पडला. मल्लाप्पा म्हणजे माझ्या पोतडीतला एक माणूस. इचलकरंजीचा, मागावर काम करणारा, कानडी वळणाचा. "माझा नाव मल्लाप्पा. मी दारू पितो. बायको बोलला, आता बास." सीमेकडचा माणूस असं बोलतोय, हे फक्त आम्हा स्टेजवाल्यांनाच वाटतंय, तो भाग सोडा.

पलीकडचा माणूस अजिबात हसला न्हाय. "या मल्लाप्पा," तो म्हणाला. "रविवारी सकाळी सात. वरच्या मजल्यावर क्लास हाय, जिन्यात चपला दिसतील."

म्हणून मला मल्लाप्पा होऊन जावं लागलं.

ती खोली म्हणजे दहावीच्या गणिताचा क्लास. रविवारी पोरांची परीक्षा साडेनवाला, त्याआधी आम्ही. फोनवर बोलले ते सर तिथंच शिकवायचे. बारक्या बाकांवर मोठमोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, फळ्यावर आदल्या दिवसाचा त्रिकोण तसाच. रीत साधी. पाळीपाळीनं बोलायचं, त्याला शेअरिंग म्हणायचं. नुसतं नाव सांगायचं, आडनाव न्हाय. मधी कुणी बोलत न्हाय, कुणी उपदेश करत न्हाय, आणि तिथं ऐकलेलं जिना उतरताना बरोबर न्यायचं न्हाय. ती रीत मी आज पण पाळतोय. फक्त एका माणसाबद्दल लिहितोय, त्यांचं नाव बदललंय आणि त्यांना विचारून लिहितोय. बाकीच्यांबद्दल अक्षर लिहिणार न्हाय.

माझी पाळी आली. मल्लाप्पा उठला, म्हणजे बाकात अडकत अडकत उभा राहिला, आणि बोलला. सात-आठ मिनिटं. कोण खोकलं पण न्हाय. टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोर, सगळं खाल्लंय मी आयुष्यात. पण इतकं कान देऊन मला कुणी ऐकलं नव्हतं. जिना उतरताना मी खूश. 'पुढच्या रविवारी आणखी चांगलं करू,' असं मनात म्हटलं. दारूचं म्हणत नव्हतो मी. शेअरिंगचं म्हणत होतो.

तिसऱ्या रविवारी मल्लाप्पा पडायला लागला. तेच तेच सांगत होता. स्टेजवर आयटम पडायला लागला की आम्ही नवीन पात्र आणतो. मी तिथल्या तिथं मल्लाप्पाला एक पोरगी दिली. गौरी, आठ वर्षांची, काळजाला भोक. "डॉक्टर बोलतो आपरेशन. आणि मी पिऊन पडतो." खोलीत दोघा-तिघांनी डोळे पुसले. मला आत कुठंतरी बारीकसं टोचलं, पण आयटम उचलला गेल्यावर टोचलेलं फार वेळ राहत न्हाय.

असे रविवार चालले. मल्लाप्पाचे दिवस वाढत होते, चाळीस, साठ. माझे कधी चारच्या पुढं गेले न्हाईत. सोमवार ते बुधवार कोरडा, गुरुवारी उघडायचं, शनिवारी रात्री बंद, रविवारी सकाळी वेलदोडा चघळून सातला हजर. नव्वद दिवस झाले तेव्हा सरांनी मल्लाप्पाला पेढा भरवला. खाल्ला मी.

ह्यात सिद्धाप्पा अण्णा आले. खरेखुरे इचलकरंजीचे, पंचावन्नच्या आसपास, मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. पहिल्या एसटीनं यायचे. दोन वर्षांत सहा वेळा सोडून सहा वेळा परत धरलेली. त्यांची मराठी माझ्यापेक्षा सरळ. पहिल्याच दिवशी माझ्याजवळ येऊन भडाभडा कानडी बोलले. मला एक शब्द कळेना. मी म्हटलं, "अण्णा, इथं मराठीच बोलू. सगळ्यांना समजायला पाहिजे."

ते हात जोडून म्हणाले, "बरोबर हाय तुझं, तम्मा. मला सुचलं न्हाय." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

कारखान्यात दिवसरात्र धडधड, त्यामुळं अण्णा बोलायचे ते ओरडूनच. फोनवर तर फोन हातभर लांब धरायला लागायचा. आणि फोन रोजचा. "पाळी सुटली की मला पाय गुत्त्याकडंच नेतात," ते म्हणाले. "त्या वेळी तुझ्याशी बोलतो. पोरीचं एवढं असून तू सोडलीस, मग मला काय धाड भरलीय?" पाळी सुटायची आठला. एक आठवडा सकाळी आठ, एक आठवडा संध्याकाळी आठ. म्हणजे मल्लाप्पाला रोज आठला शुद्धीत बसायला लागायचं. अण्णा कारखान्यातनं घरापर्यंत चालत यायचे आणि दाराची कडी वाजेपर्यंत बोलायचे. कडी वाजली की म्हणायचे, "पोचलो रे. गौरीला आशीर्वाद सांग." मी फोन ठेवायचो आणि गुरुवार असला तर बाटली काढायचो.

मला त्यांना खरं सांगायचं होतं. खोटं न्हाय सांगत. दोनदा तोंडाशी आलं. पण अण्णांचे पण आता दहा आठवडे झालते, ते पहिल्यांदाच. आणि ते मल्लाप्पाच्या जिवावर झालते. मल्लाप्पाला काढून घेतलं तर अण्णांकडं काय राहतंय? आणि खरं म्हणजे, माझ्याकडं तरी काय राहतंय?

मग अण्णांच्या पोरीचा साखरपुडा ठरला, शुक्रवारी दुपारी. अण्णा फोनवर ओरडले, "पाहुण्यांत पिणारी लई हाईत. व्याही पण त्यातलेच. माझी खरी कसोटी त्या दिवशी. तू माझ्या शेजारी नुसता उभा राहायचास. तू असलास की मी हात लावणार न्हाय. येतोस न्हवं? शब्द दे."

मल्लाप्पानं शब्द दिला. जायला लागलं मला. आणि बुधवारी, भीतीनं म्हणा, मी प्यालो.

घरासमोर मांडव. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, अण्णांच्या उजव्या बाजूला मी. ते ज्याला त्याला सांगालते, "हा मल्लाप्पा. माझा भाऊच." कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, साखर वाटली. आता जेवणं झाली की सुटलो, असं मनात म्हणालोय तेवढ्यात नवऱ्या मुलाचा एक मित्र मला खालीवर बघाय लागला.

"ओ पावणं, तुम्ही तो पडलेला बेवडा न्हवं?"

"न्हाय बा," मल्लाप्पा म्हणाला.

"आयला, व्हय की! अमर! मिमिक्रीवाला! अरे ए, इकडं या सगळी, अमऱ्या आलाय!" पाच-सहा पोरं गोळा झाली. माईक माझ्या हातात. "बेवडा होऊ दे! चप्पल काढ, चप्पल काढ!" आणि एकानं मोबाईलवर तो व्हिडिओ लावून अण्णांच्या तोंडासमोर धरला. "मामा, तुम्ही बघितलं न्हाय? कसला पडतोय बघा."

अण्णांनी व्हिडिओ पहिल्यापासनं शेवटपर्यंत बघितला. मधी एकदा माझ्याकडं बघितलं, परत व्हिडिओकडं. संपल्यावर मोबाईल त्या पोराला परत दिला, "छान हाय" म्हणाले, आणि मांडवाच्या मागं निघून गेले. इतक्या महिन्यांत त्यांना हळू आवाजात बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मांडवाच्या मागं व्याह्यांच्या भावाची गाडी होती, डिकी उघडी. डिकीत काय होतं ते सांगायला नको. मी पोरांच्यातनं सुटून मागं पोचलो तोवर अण्णांच्या हातात भरलेला गिलास. अजून तोंडाला लावला नव्हता. व्याह्यांचा भाऊ बर्फ घालालता. मला बघितल्यावर अण्णांनी त्याला म्हटलं, "दोन मिनिटं जरा पुढं जा," आणि तो गेला.

"बोल," अण्णा म्हणाले.

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा मल्लाप्पाच आला. "अण्णा, ऐक बा..." मी गप्प बसलो. परत सुरू केलं तर घरमालकाशी बोलणारा मामा आला. तुम्ही हसाल, पण माझा स्वतःचा आवाज कुठनं सुरू होतो ते मला सापडेना. शेवटी जे निघालं ते बारीक होतं आणि त्याला कसलीच लकब नव्हती.

"मी अमर," मी म्हटलं. "मुरगूडचा. मागावर कधी काम केलं न्हाय. लग्न झालेलं न्हाय. गौरी न्हाय."

"न्हाय म्हणजे?"

"म्हणजे नव्हतीच. तिसऱ्या रविवारी मी ती तयार केली."

अण्णा गिलासाकडं बघत राहिले. "आणि दारू? ती तरी सोडलीस का?"

"परवा बुधवारी प्यालोय."

मी एवढी वर्षं लोकांचे चेहरे बघून पोट भरतोय. पण अण्णांच्या तोंडावर जे आलं त्याची नक्कल मला आयुष्यात जमणार न्हाय. त्यांनी गिलास गाडीच्या टपावर ठेवला. विचार करून ठेवला असं न्हाय. माझी कॉलर धरायची होती आणि त्याला दोन्ही हात लागणार होते.

"सुक्काळीच्या!" आता आवाज परत कारखान्यातला झाला. "अकरा आठवडे! अकरा आठवडे मी तुझ्या पोरीचं तोंड डोळ्यासमोर आणून गुत्त्यावरनं पुढं गेलोय! आणि पोरगीच न्हाय? आता मी कुणाचं तोंड आणू, सांग? तुझं आणू? ह्या तोंडाकडं बघून माणूस आणखी दोन मागवंल!"

मी म्हटलं, "मारा."

"मारायला वेळ न्हाय मला, दारात मांडव हाय! चल घरात. मला सांगितलंस तसं तिला सांग."

"कुणाला?"

"माझ्या बायकोला! ती तुझ्या त्या गौरीसाठी सोळा सोमवार धरून बसलीय!"

मला कॉलर धरून मागच्या दारानं स्वयंपाकघरात नेलं. टपावरचा गिलास तिथंच राहिला. नंतर तो कोण प्यालं मला माहीत न्हाय, पण अण्णा प्याले न्हाईत. त्या दिवशी न्हाईत, आणि हे लिहिताना त्यांना विचारलं तर म्हणाले, "आज पण न्हाय. उद्याचं उद्या." माझे किती दिवस झाले ते इथं सांगत न्हाय. आकडा सांगायची जागा ती बारकी बाकं हाईत, आणि तिथं मी आता माझ्याच नावानं बसतो. माझं शेअरिंग आता साफ पडतंय. दोन वाक्यांत संपतंय. कुणी डोळे पुसत न्हाय.

तर स्वयंपाकघर. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, पाहुण्यांच्या जेवणासाठी तूप वाढून घेत होत्या. अण्णांनी मला पुढं ढकललं. मी परत सगळं सांगितलं, आणि ह्या खेपेला आवाज जरा लवकर सापडला. अक्कांनी तुपाची वाटी खाली ठेवली. बोटांवर मनातल्या मनात मोजालत्या.

"बारा झाले," त्या म्हणाल्या. "बारा सोमवार. घरात पोरीच्या लग्नाची गडबड, गुडघा दुखतोय, तरी बारा. एकदा देवळात चक्कर येऊन पडले तरी सोडला न्हाय. आणि ह्यांनी मला काय सांगितलं? त्या लेकराचं भोक बुजत आलंय म्हणं!"

अण्णा म्हणाले, "ह्यानंच मला तसं सांगितलंतं."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्यासाठी धरले असते तर वाया तरी गेले नसते." मग माझ्याकडं वळल्या. "लाज वाटती का?"

"वाटती, अक्का."

"नुसती वाटून काय करायची? सोळा म्हणजे सोळा. मधी सोडलेलं मला चालत न्हाय. उरलेले चार तू करायचेस. हितं येऊन करायचेस, माझ्या डोळ्यासमोर. सकाळी महादेवाला माझ्याबरोबर यायचं, संध्याकाळी हितंच उपास सोडायचा. नाव काय म्हणालास तुझं?"

"अमर."

"हे तरी खरं हाय का?"

"खरं हाय, अक्का."

"आईचा नंबर दे, मी विचारते." मी दिला. त्यांनी तो ताटाखालच्या कागदावर लिहून घेतला. "तर अमर, तुझ्या नावानं चार सोमवार. आणि साबुदाणा खाऊन मोकळा झालास असं न्हाय. ह्या चार सोमवारांच्या मधी, सोमवार असू दे न्हायतर गुरुवार, तोंडाला दुसरं काय लागलं तर पहिल्यापासनं सोळा. कळलं? आता हात धू आणि ही पात्रं उचल. बाहेर पंगत बसलीय, आणि तू हितं नाटकं करालाईस."